‘पडीक’ : एका महसुली शब्दाचा अर्थविकास व त्याचे पर्यावरणीय परिणाम

एखाद्या प्रदेशात उद्योगधंद्यांची वाढ वेगाने होऊ लागली म्हणजे प्रथम प्रश्न उपस्थित होतो तो जागेचा. कारखाना, वीजकेंद्र, महामार्ग, विमानतळ, ह्यांपैकी काहीही उभारावयाचे झाले तरी जमीन लागते. बागायती जमीन घ्यावी तर शेतकरी विरोध करतात. जंगल घ्यावे तर कायदा आडवा येतो. अशा प्रसंगी शासन, उद्योजक आणि पुष्कळदा वृत्तपत्रेही ज्या एका शब्दाचा आश्रय घेतात तो शब्द म्हणजे ‘पडीक’. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प आणण्याचे २०२२ मध्ये पुढे आले, त्या वेळी त्या जागेच्या समर्थनार्थ जी कारणे देण्यात आली त्यांत तेथील बहुतांश जमीन पडीक आहे हे एक होते. ‘जमीन पडीक आहे’ हे विधान वरकरणी निव्वळ वर्णन वाटते. व्यवहारात मात्र ते परवानगीचे काम करते. हा शब्द मुळात कशाचा वाचक होता, त्याचा अर्थ कोणत्या टप्प्यांनी पालटला आणि त्या पालटाचे परिणाम जमिनीवर कसे उमटले, ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘पडणे’ हे क्रियापद संस्कृत ‘पत्’ धातूपासून प्राकृत ‘पडइ’च्या द्वारे मराठीत आले, हे सर्वमान्य आहे. त्यापासून ‘पड’ हे नाम व ‘पडीक’ हे विशेषण सिद्ध झाले. विदर्भात ‘पडीत’ असेही रूप रूढ आहे. शेतकऱ्याच्या बोलीत ह्या शब्दकुलाचा उपयोग पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘ह्या वर्षी रान पड टाकले’, ‘दोन वर्षे पड ठेवले’, अशा वाक्यांत ‘पड’बरोबर जवळजवळ नेहमी कालवाचक शब्द येतो; आणि ‘टाकणे’, ‘ठेवणे’ ह्या सकर्मक क्रियापदांमुळे कर्ता माणूस असतो. म्हणजे जमीन आपोआप पडीक होत नव्हती. तिला विसावा मिळावा, गेलेला कस परत यावा, गुरांना चारा मिळावा, म्हणून कोणीतरी ती समजून उमजून पड टाकीत असे. ‘पड’ ही जमिनीची एक अवस्था होती व तिला आरंभ आणि शेवट होता. ‘पडीक’ म्हणजे निरुपयोगी, ओसाड, कोणाची नसलेली, हा आज प्रथम मनात येणारा अर्थ ह्या मूळ योजनेत सामावत नाही.

हा अर्थ कोठून आला ह्याचा एक दुवा महसुली परिभाषेतील ‘आकारी पड’ ह्या संज्ञेत सापडतो. आकार म्हणजे सारा. खातेदाराने सारा थकविला म्हणून सरकारने जी जमीन आपल्या ताब्यात घेतली ती आकारी पड. ती जमीन काळीभोर असेल, पाण्याखालची असेल, तिच्यात कदाचित उभे पीकही असेल. तरी दप्तराच्या दृष्टीने ती पडच. (अशा जमिनी मूळ धारकांना वा त्यांच्या वारसांना परत करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या आरंभी घेतला, तोवर ही संज्ञा सर्वसामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच पडली असेल.) येथे ‘पड’ शब्दाचा मातीशी असलेला संबंध तुटून तो केवळ वसुलीशी जोडला गेला आहे. जी सारा देत नाही ती पडलेली, हे समीकरण ‘आकारी पड’मध्ये उघडपणे मांडलेले दिसते आणि इतर ठिकाणी ते न बोलता काम करते.

ह्या समीकरणाला पद्धतशीर रूप मिळाले ते मुंबई इलाख्याच्या मोजणीत. प्रिंगल ह्यांनी दख्खनमध्ये केलेली पहिली आकारणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीला प्रारंभ केला, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम स्थिर झाले. मातीची खोली, रंग व पोत पाहून तिचे नऊ दर्जे लावावयाचे आणि दर्जाप्रमाणे तिचे मोल आण्यांत ठरवावयाचे, अशी ती रीत होती. सोळा आणे म्हणजे उत्तम जमीन. चुनखडीचे प्रमाण, वाळू, उतार, पाण्याचा निचरा न होणे, हे सर्व ‘दोष’ म्हणून गणले जात व प्रत्येक दोषागणिक दर्जा खाली येई. पूर्वीच्या अंदाजपंचे आकारणीपेक्षा ही पद्धत निश्चितच अधिक न्याय्य होती आणि रयतेला तिने काही दिलासाही दिला. परंतु तिने जमिनीला एकच प्रश्न विचारला : तुझ्यातून पीक किती निघते, आणि त्यावर सारा किती बसतो? ज्या भूमीपाशी ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते तिच्याविषयी दुसरा कोणताही प्रश्न विचारण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. मोजणीदारांबरोबर आलेली इंग्रजी विचारसरणीही ह्याला अनुकूलच होती. माणसाचे श्रम न लागलेली भूमी वाया गेलेली समजावी, हा विचार सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक ह्याने मालमत्तेच्या आपल्या उपपत्तीत मांडलेला होता.

‘पोटखराब’ हा शब्द ह्या पद्धतीचाच वारसा होय. ‘पोटहिस्सा’, ‘पोटजात’, ‘पोटनियम’ ह्यांतील ‘पोट’, म्हणजे अंतर्गत, आणि अरबीतून आलेला ‘खराब’, ज्याचा मूळ अर्थ उद्ध्वस्त किंवा ओसाड. एखाद्या भूमापन क्रमांकातील लागवडीस अयोग्य ठरलेला भाग म्हणजे पोटखराब. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खालच्या नियमांत त्याचे दोन वर्ग केले आहेत. ‘अ’ वर्गात मोजणीच्या वेळी शेतीस अयोग्य म्हणून बाजूला काढलेली जमीन येते. ‘ब’ वर्गात सार्वजनिक कामासाठी राखलेली, रस्ता वा पायवाट असलेली, धारकाखेरीज इतर लोक ज्याचे पाणी वापरतात अशा ओढ्याची वा तळ्याची, तसेच स्मशानाची जमीन येते. सगळ्या गावाला पाणी पाजणारा ओढा ‘खराब’ ह्या सदरात मोडावा, ह्यात महसूल खात्याला काही विसंगत वाटले नाही. ओढा सारा देत नाही, एवढेच त्याला सांगावयाचे होते.

स्वातंत्र्योत्तर काळात आणखी एक पाऊल पुढे पडले आणि ते अर्थविकासाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. १९५० च्या सुमारास देशभर जमीन-वापराचे नऊ प्रकारांचे वर्गीकरण स्वीकारण्यात आले. आजही कृषी-सांख्यिकी त्यावरच आधारलेली आहे. त्यात त्या वर्षापुरती पेरणी न केलेली जमीन ती ‘चालू पड’. एक वर्षाहून अधिक पण पाच वर्षांपर्यंत न पेरलेली ती ‘इतर पड’. आणि पाच वर्षे उलटली की तीच जमीन ‘लागवडयोग्य पडीक’ ह्या निराळ्या वर्गात जाते. इंग्रजी मूळ परिभाषेत पहिल्या दोहोंसाठी विसाव्याच्या जमिनीचा शब्द आहे, तिसरीसाठी वाया गेलेल्या जमिनीचा. मराठीत मात्र तिन्हींसाठी एकाच ‘पड’ शब्दाची रूपे वापरली गेल्यामुळे हा उंबरठा ओलांडला गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. काळाचे माप येथे वर्गाचे माप झाले. कालपर्यंत जी अवस्था होती ती आजपासून जात ठरली.

पाच वर्षांची ही मर्यादा कोकणातील वरकस जमिनीला लावून पाहिली म्हणजे तिचे स्वरूप स्पष्ट होते. वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन. तिच्यात दोन-चार वर्षे नाचणी, वरी, तीळ ह्यांसारखी पिके घेऊन ती अनेक वर्षे मोकळी सोडावयाची, असा क्रम असे. ह्या मोकळ्या वर्षांत तिच्यावर गवत व झुडपे वाढत आणि त्यांच्याच पाल्याचा व गवताचा राब भातरोपांच्या वाफ्यांत भाजला जाई. वरकस नसेल तर खालच्या खाचरातील भातही नसे. म्हणूनच जुन्या कूळकायद्यालाही तिची वेगळी दखल घ्यावी लागली. सांख्यिकीच्या नियमाने पाहता विसाव्याच्या सहाव्या वर्षी ही जमीन पडीक ठरते. भाताच्या एकरी उत्पन्नात तिचा वाटा असतो, पण तो कोणत्याही रकान्यात तिच्या नावावर जमा होत नाही.

मराठीत अशा भूमीसाठी शब्दांचे दारिद्र्य मुळीच नव्हते. माळ, माळरान, कुरण, गायरान, वरकस, सडा, कातळ, खाजण, बरड, मुरमाड : प्रत्येक शब्दामागे एक निराळी माती आणि एक निराळी वहिवाट उभी आहे. ‘रान’ शब्दाचेच पाहावे. तो ‘अरण्य’ ह्या शब्दापासून झाला. परंतु देशावरचा शेतकरी ‘रानात गेलो होतो’ असे म्हणतो तेव्हा त्याला बहुधा स्वतःचे शेत अभिप्रेत असते. शेत आणि अरण्य ह्यांच्यामध्ये महसूल खात्याने आखलेली रेघ ह्या भाषेने कधी मानलीच नाही. ‘माळ’ हाही तितकाच जुना. उंचवट्याच्या भूमीसाठी ‘माल’ हा शब्द कालिदासाने मेघदूतात योजिला आहे. माळावर राहणाऱ्या प्राण्यांची नावेही मराठीने माळावरूनच दिली : माळढोक, माळटिटवी. ज्याला एखादी जागा रिकामी वाटते तो तिच्यावरून पक्ष्यांची नावे ठेवीत नाही.

माळ रिकामा नव्हता ह्याचा दुसरा पुरावा धनगरांच्या व्यवहारात मिळतो. दख्खनी मेंढ्यांचे कळप पावसाळ्यात देशावरच्या माळांवर चरतात व पावसाळा सरल्यावर कोकणाकडे वा काळ्या मातीच्या मुलखाकडे सरकतात. वाटेत शेतकरी आपल्या मोकळ्या शेतात मेंढरे बसवून घेतात आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतात. माळावरचे गवत लेंडीखताच्या रूपाने शेतात उतरते, असा हा हिशेब आहे. माळ कारखान्याला दिला की हा हिशेब मोडतो, परंतु मोडला असे कोठेही नोंदले जात नाही. कारण मुळात तो नोंदलेलाच नव्हता. नुकसानभरपाई मिळते ती सातबारावर नाव असलेल्याला. वर्षातून दोन महिने येऊन जाणाऱ्याचे नाव सातबारावर नसते.

सड्याचे उदाहरण अधिक विस्ताराने घेण्याजोगे आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांत जांभ्या दगडाची विस्तीर्ण सपाट पठारे आहेत, त्यांना तेथील लोक सडा म्हणतात. गोव्यात मुरगावच्या टोकालाही सडा हेच नाव आहे. उन्हाळ्यात तेथे उभे राहिलेल्या माणसाला तापलेला काळा कातळ आणि वाळलेले गवत ह्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि प्रकल्पाच्या जागेची पाहणी बहुधा उन्हाळ्यातच होते. पाऊस पडला की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, गेंद व सीतेची आसवे ह्यांचे ताटवे फुलतात. ह्यांपैकी सीतेची आसवे ही कीटकभक्षी आहेत. ज्या जागी माती जवळजवळ नाही तेथे नत्र मिळविण्याचा हा त्यांचा उपाय होय. कोकणच्या सड्यांखेरीज अन्यत्र क्वचितच आढळणारी दीपकाडी येथे उगवते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पठाराच्या कडेला, उताराच्या पायथ्याशी, झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्या वसल्या आहेत त्या बहुधा ह्या पाण्याच्या आधाराने. सडा फोडला म्हणजे सड्यावर राहणाऱ्याचे काही जात नाही, कारण तेथे कोणी राहत नाही. जाते ते खाली राहणाऱ्याच्या विहिरीचे पाणी. ह्या पठारांचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या डॉ. अपर्णा वाटवे व इतर संशोधकांनी त्यांच्या जीवविविधतेची तपशीलवार नोंद केली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील अशाच जातीचे कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. कोकणातील सड्यांवर कोरलेली प्राचीन कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आणि त्या यादीतील नऊ स्थळांत बारसूचाही अंतर्भाव आहे. एकाच वर्षी एकाच सड्याचे एक वर्णन युनेस्कोकडे गेले आणि दुसरे तेलशुद्धीकरणाच्या प्रस्तावात. पुढील वर्षी माती-परीक्षणाच्या वेळी तेथे जे आंदोलन झाले त्यात ह्या दोन वर्णनांचा संघर्ष उघड झाला. सड्यांना धोका केवळ मोठ्या प्रकल्पांपासूनच आहे असे मात्र समजू नये. सुरुंग लावून कातळ फोडावयाचा, बाहेरून माती आणून भरावयाची आणि त्यावर हापूसची कलमे लावावयाची, हा उद्योग स्थानिक लोकांनीच मोठ्या प्रमाणावर केला आहे.

महसुली दप्तरातील ‘पडीक’ला राष्ट्रीय धोरणाचे रूप १९८५ मध्ये आले. त्या वर्षी राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन होऊन दरसाल पन्नास लाख हेक्टर जमिनीवर वृक्षलागवड करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. जमिनीची धूप आणि जळणाचा तुटवडा हे त्यामागचे प्रश्न खरे होते. त्यानंतर उपग्रहांच्या छायाचित्रांवरून देशाच्या पडीक भूमीचे नकाशासंग्रह तयार होऊ लागले. पहिला २००० साली निघाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहाप्रमाणे देशातील पडीक भूमी सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर, म्हणजे एकूण क्षेत्राच्या जवळजवळ १७ टक्के आहे. ह्या आकड्याहून त्यामागची वर्गवारी अधिक बोलकी आहे. झुडपांची जमीन, निकृष्ट झालेली चराऊ कुरणे, दलदल, वाळवंटी वाळू, उघडा खडक, खाणींनी उकरलेली जमीन, उद्योगांच्या टाकाऊ पदार्थांनी नासलेली जमीन आणि हिमाच्छादित व हिमनद्यांचा प्रदेश, हे सर्व त्यात एकाच नावाखाली येतात. गंगेला पाणी देणारी हिमनदी आणि खाणीतील राडारोड्याचा ढिगारा ह्यांना जोडणारा समान गुण शोधू गेल्यास एकच सापडतो : दोहोंत पेरणी होत नाही.

ह्या वर्गवारीला कायद्याने दिलेले वजनही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यापासून औद्योगिक वसाहती हलक्या जमिनीवर वसवाव्यात, सुपीक शेते वाचवावीत, असा आग्रह सतत धरला गेला आणि तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर सिंचनाखालची बहुपिकी जमीन अगदी नाइलाज झाल्याशिवाय घेऊ नये, आणि घेतल्यास तेवढीच लागवडयोग्य पडीक जमीन शेतीसाठी विकसित करावी, असे घालून दिले. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद आहे. परंतु जमिनीचा एक वर्ग राखावयाचा म्हणजे दुसरा वर्ग खर्ची घालावयाचा, असाच तिचा व्यावहारिक अर्थ होतो. एका हेक्टर बागाइताच्या बदल्यात दोनदा पडीक जमिनीकडेच बोट दाखविले जाते, प्रथम उद्योगासाठी आणि नंतर भरपाईच्या शेतीसाठी.

धुराड्यांच्या उद्योगांपुरतीच ही गोष्ट मर्यादित असती तर तिचा उलगडा सोपा होता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पडीक भूमीवर सर्वांत मोठा भार पडला आहे तो मात्र स्वच्छ समजल्या जाणाऱ्या विजेचा. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तेथे मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले ह्यांनी केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या ती नसलेल्या भागाच्या मानाने सुमारे चौपटीने कमी आढळली. शिकारी कमी झाल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची दाटी वाढली, आणि माणूस जवळ आला तरी पळून जाण्याची त्यांची घाई कमी झाली. म्हणजे पात्यांचा परिणाम पक्ष्यांवर थांबत नाही, तो खालच्या अन्नसाखळीत उतरतो. ह्या सरड्याची जात २०१६ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाली आणि तिच्या प्रजातीला संशोधकांनी ‘सरडा’ हाच मराठी शब्द लॅटिन नाव म्हणून दिला. प्राणिशास्त्राच्या जागतिक नोंदवहीत एक मराठी शब्द गेला, ही भाषेच्या अभ्यासकाला समाधानाची गोष्ट वाटावी. ज्या पठारावर तो सरडा राहतो त्या पठाराला मात्र शासकीय भाषेत अजून पडीकच म्हणतात.

राजस्थानच्या थर प्रदेशात हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला आहे. फलोदी जिल्ह्यातील भाडला येथील सौर उद्यान २,२०० मेगावॅटहून अधिक क्षमतेचे आहे, आणि जैसलमेरकडे पवन व सौर विजेच्या वाहिन्यांचे जाळे पसरले आहे. तेथील गोडावण म्हणजेच आपला माळढोक. हा जड, समोरचे नीट न दिसणारा पक्षी. तारांना धडकून तो मरतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे तेथील सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात निरनिराळ्या जातींचे मिळून दरवर्षी अंदाजे ८४ हजार पक्षी वीजवाहिन्यांमुळे दगावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ह्या वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला, कारण हवामानबदलाच्या दृष्टीने सौर विजेची गरजही तितकीच निकडीची असल्याचे सरकारने मांडले. ते म्हणणे खोटे नव्हते. महाराष्ट्रात सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोकसाठी स्थापन झालेल्या अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शहरे, कारखाने सर्वच आले होते, त्यामुळे ते पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. एवढा विस्तीर्ण मुलूख अभयारण्यात घालण्यामागे माळ म्हणजे नेमके काय ह्याची स्पष्ट कल्पना नव्हती, असेच म्हणावे लागेल.

पडीक शब्दाने उद्योगांना जागा करून दिली हे खरे. परंतु त्याच शब्दाने निसर्गप्रेमी माणसांचीही दिशाभूल केली आहे. ओसाड जमीन दिसली की तेथे झाडे लावावीत, हा विचार इतका स्वाभाविक वाटतो की त्याची तपासणी करावयास कोणी धजत नाही. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ ह्या काळात पन्नास कोटी झाडे लावण्याची योजना राबविण्यात आली. माळावर खड्डे खणून लावलेल्या गिरिपुष्पाच्या सावलीत उन्हाला सोकावलेले गवत मरते आणि त्याबरोबर गवतावर जगणारे सर्व काही. ह्यावर नेहमी दिला जाणारा प्रतिवाद असा की, येथे पूर्वी घनदाट जंगलच होते. ते तोडल्यामुळे माळ झाला. ह्या प्रतिवादाची कसोटी आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील ह्यांनी २०२५ मध्ये मराठी साधनांवरच लावून पाहिली. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या पश्चिम महाराष्ट्रातील वाङ्मयात व लोकपरंपरेत ज्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात ते त्यांनी एकत्र केले. अशा ४४ वनस्पतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश विरळ झाडांच्या तृणप्रदेशातील निघाल्या, घनदाट जंगलातील अवघ्या तीन. अर्थात वाङ्मयीन उल्लेख म्हणजे वनस्पतींची गणना नव्हे. लेखक गावाजवळच्याच झाडांचा उल्लेख अधिक करणार. तरीही निदान साडेसातशे वर्षे येथील माळ माळच होता, हे म्हणणे आता सहजासहजी खोडून काढता येणार नाही. भाषिक साधनांच्या अशा उपयोगाकडे भाषाविभागांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.

शब्दार्थाने भूमीचे भवितव्य ठरते ह्याचे ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ ह्या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असे सांगितले. कोशाला कायद्याचे सामर्थ्य देणारा हा निर्णय होता. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत जुन्या मध्यप्रांताच्या दप्तरातून आलेला ‘झुडपी जंगल’ हा नोंदीचा प्रकार आहे, सुमारे ८६ हजार हेक्टरांचा. खुरट्या झुडपांची, गुरे चारण्याची ही जमीन. जंगल म्हणावे तर वृक्ष नाहीत. पडीक म्हणावे तर नावातच जंगल. ह्या जमिनीवर रस्ते, शाळा, वस्त्या होऊन गेल्या आणि तीन दशके वाद चालला. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच होय असे ठरविले, आणि १९९६ पूर्वीच्या वाटपाला मार्ग काढून दिला. राजस्थानातील ओरणे, म्हणजे देवराया, ह्यांची नोंद करून त्यांना वनाचे संरक्षण द्यावे असा आदेश डिसेंबर २०२४ मध्ये झाला; ‘ओरण’ हा शब्दही ‘अरण्य’पासूनच आलेला मानतात, तेव्हा आपल्या ‘रान’चा तो सख्खा भाऊ ठरतो. परंतु ज्या भूमीच्या नावात ना जंगल आहे ना अरण्य, त्या माळाला व सड्याला शब्दकोशाचा हा आधार मिळत नाही. वाचण्यासाठी त्यांना आधी वन व्हावे लागेल, आणि वन झाल्यास ते माळ व सडा राहणार नाहीत.

राहता राहिले गायरान. येथे शब्दच मालकाचे नाव सांगतो. जगपाल सिंग खटल्यात जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. त्यास अनुसरून १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान व्यक्तीला वा खाजगी संस्थेला देण्यास मनाई केली, मात्र दुसरी जमीन उपलब्ध नसल्यास सार्वजनिक प्रयोजनासाठी ते देता येईल अशी वाट ठेवली. २०१७ पासून आलेली, व २०२३ पासून नव्या स्वरूपात वाढविलेली, शेतीपंपांना दिवसा वीज देणारी सौर वाहिनी योजना त्या वाटेने गायरानावर आली आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पंप सुरू करावयास जावे लागू नये, ह्याहून अधिक सार्वजनिक प्रयोजन दाखविणे कठीण. तरी अनेक गावांत ग्रामसभांनी विरोध केला तो ज्यांच्यापाशी पंप नाही, विहीर नाही, केवळ दोन शेळ्या व एक म्हैस आहे, अशांच्या वतीने. एकाच गावातील दोन गरजा येथे समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांचा निवाडा करावयाचा तर गायरानावर प्रत्यक्षात काय आहे हे आधी ठाऊक असावयास हवे.

ते नोंदविण्याची सोय दप्तरात अजिबात नाही असे मात्र नाही. सातबाराच्या उताऱ्यातील गाव नमुना बारा ह्या भागात ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ असा एक स्तंभ आहे आणि त्याचे दोन पोटभाग आहेत : ‘स्वरूप’ व ‘क्षेत्र’. क्षेत्राचा रकाना हेक्टर व आरपर्यंत काटेकोर भरलेला असतो. स्वरूपाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द आढळतो, ‘पड’. कोकणात पुष्कळदा ‘गवतपड’. ‘गवतपड’ हा जोडशब्द कोणा अनामिक तलाठ्याने प्रथम लिहिला असेल तेव्हा, पड म्हटलेल्या जमिनीवर गवत उभे आहे, एवढे तरी त्याने पाहिले होते. सडा, कातळ, वरकस, पाणथळ, मेंढरे बसण्याची जागा, झऱ्याचा माथा, हे शब्द लिहावयास त्या रकान्यात जागा पुरेशी आहे आणि ते लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.